घरच्या सीएनसीवर गिटार : मयालीचं सागवान, ऐनाचा फ्रेटबोर्ड आणि आपली हवा

कोरडवाहू
मशीन ३०१८ आहे, कॉम्प्युटरच्या हुकुमानं लाकूड कोरणारं छोटं सीएनसी. अर्डुइनोचा बोर्ड, त्यावर जीआरबीएल, कॉम्प्युटरवर कॅन्डल. स्पिंडल (बिट फिरवणारा भाग) मूळचाच, ७७५ मोटरचा. जुन्या घराच्या दोन सागवानी मयाली (तुळया) मोकळ्या झाल्यात, त्यातून सॉलिड बॉडीची इलेक्ट्रिक गिटार करायची आहे. स्केल (तारेची वाजणारी लांबी) २५.५ इंच, २२ फ्रेट (बोटाखालच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), बोल्टने बसवायची नेक (दांडा). गाव आर्वी तालुक्यात, वर्धा जिल्हा. या मशीनवर काय जमेल, काय नाही? फ्रेटबोर्डला (फ्रेट बसतात त्या पट्टीला) शिसव आणावं लागेल का? आणि लाईनचा (विजेचा) भरवसा नाही, मध्येच गेली तर काय करायचं?

ऐनसाग
आधी मापं. ३०१८ चं क्षेत्र ३०० × १८० मिमी. स्ट्रॅटच्या घाटाची बॉडी साधारण ४६० × ३२०, नेक ६५० च्या पुढे. लांब पट्टी एक्सच्या दिशेनं घुसत नाही, दोन्ही बाजूंना उभे खांब आहेत. वायच्या दिशेनं आरपार जाते, पण तिथे टेबलाचा प्रवास १८० चाच. म्हणजे नुसत्या फ्रेटबोर्डला तीन सेटअप (पट्टी सरकवून पुन्हा बांधणं) लागतात आणि बॉडी तर बसतच नाही.

म्हणून बॉडी थेट कापायचा नाद सोडा. ६ मिमी एमडीएफचे साचे कापा : बाहेरचा घाट तीन-चार तुकड्यांत, नेकची खाच आणि पिकअपच्या खाचा एकेका तुकड्यात. घाटाचे तुकडे खाली दुसऱ्या एमडीएफवर मधल्या रेषेला जुळवून चिकटवा. मग बेअरिंगवाल्या बिटानं हातराउटरवर बॉडी काढा. हे कमीपणाचं काम नाही. नेकची खाच साच्यातून निघाली तर ३०१८ च्या अचूकपणाचा पूर्ण फायदा मिळतो आणि तिच्या लुळ्या स्पिंडलचा त्रास होत नाही.

सागवानात थेट कापायचंच असेल तर या मोटरवर ३.१७५ मिमीचं दोन धारेचं कार्बाइड बिट, एका फेरीला अर्धा मिलिमीटर खोल, ५०० मिमी प्रतिमिनिट. याहून जास्त मागाल तर मोटर दबते, बिट घासतं आणि लाकूड काळं पडतं. सागवानात सिलिका असते. हायस्पीड स्टीलची बिटं त्यात बघता बघता बोथट होतात, ती घेऊच नका.

पुढे मोठं मशीन घेणार असाल तर ६०९० (६०० × ९०० मिमी) बघा. ६०४० (६०० × ४००) वर नेक कर्णरेषेत बसते (कर्ण ७२१ मिमी), पण मग एक्स-वाय काटकोनात नसतील तर प्रत्येक फ्रेट तिरपा. ३०० आणि ४०० मिमीवर खुणा मारून कर्ण ५०० येतो का ते आधी तपासा.

वऱ्हाडी ठोक्या
मयाल चिरायच्या आधी चुंबक फिरवा भाऊ. आऱ्यावाला खिळा पाह्यला का हातच लावत नाई, अन् बरोबर हाय त्याचं. लाकडावर निळा-काळा डाग दिसला का समजा तिथं लोखंड हाय, नाई तर कधीकाळी होतं. वरून खिळा तुटून गेला असला तरी आत अर्धा राह्यते. डागाच्या भोवतालचं दोन बोटं लाकूड सोडूनच फळी काढा.

अन् मयालीच्या मधातला गाभा घेऊ नका. तिथूनच भेगा सुटते. गाभ्याच्या दोन्ही अंगानं फळ्या काढल्या का त्यायच्या टोकावरच्या रेघा उभ्या येते, तेच नेकले पाहिजे.

तारसप्तक
ठोक्याभाऊंशी सहमत. उभ्या रेघांचा फायदा आकड्यात सांगतो. साग ओला ते पूर्ण कोरडा होताना त्रिज्येच्या दिशेनं सुमारे २.५ टक्के आकसतो, वलयांच्या दिशेनं ५.८. साठ वर्षं वाळलेलं लाकूडसुद्धा हवेबरोबर हलतंच. आपल्याकडे मे महिन्यात आर्द्रता १५ टक्क्यांवर उतरली की लाकडातलं पाणी ३-४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. श्रावणात ८५ टक्के आर्द्रता आठवडेच्या आठवडे टिकली की तेच १७-१८ कडे सरकतं. बारीक जाडीच्या आणि फिनिश मारलेल्या नेकमध्ये एवढा पूर्ण फरक पोचत नाही, तरी ८ टक्के धरा. ५६ मिमी रुंद पट्टी उभ्या रेघांची असेल तर ०.३७ मिमी हलते, आडव्या रेघांची असेल तर ०.८७. फ्रेट धातूचे, ते हलत नाहीत. मग उन्हाळ्यात त्यांची टोकं कडेला बाहेर येतात आणि हाताला करवतीसारखी लागतात.

पुण्या-मुंबईचे व्हिडिओ बघून काम करणाऱ्यांचं नेमकं इथेच बिनसतं. त्यांच्याकडे वर्षभरात हवा इतकी टोकाला जात नाही. मशीन कोणतं, या प्रश्नाच्या आधी आपल्याकडे हा प्रश्न सोडवावा लागतो.

ऐनसाग
फ्रेटबोर्डसाठी शिसवाच्या मागे लागायची गरज नाही. ऐन घ्या. 'इंडियन लॉरेल' नावानं स्क्वायर आणि एपिफोनच्या गिटारींवर जे येतं ते ऐनाच्याच जातीचं लाकूड. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात त्याला तोटा नाही. जड आहे, तपकिरी, काळसर पट्ट्या असतात. दोन तक्रारी : वाळताना टोकाला तडकतं आणि रेषा उलटसुलट असल्यामुळे प्लेनरखाली उखडतं. टोकांना आधीच मेण किंवा ऑइलपेंट लावून ठेवा, आणि जाडी रंध्यानं न काढता मशीनवर पृष्ठभाग फिरवून काढा.

तेंदूचं काळं काळीज मिळालं तर त्याहून सुंदर, तो आबनूसच्याच कुळातला. पण काळा भाग लहान आणि पट्ट्यापट्ट्यांचा असतो. ५०० मिमी लांब, ६० रुंद सरळ तुकडा मिळणं नशिबाचं काम.

बॉडीसाठी सागवान चालतं, फक्त वजन धरा. बॉडीचं घनफळ चार लिटरच्या आसपास. सागाची घनता ६५० धरली तर अडीच किलोच्या वर गेलं. आत पोकळ खण काढले तर प्रत्येक लिटरमागे ६५० ग्रॅम कमी होतात. शिवण मिळत असेल तर ती जास्त शहाणपणाची, हलकी आणि फार न हलणारी. बिजा बॉडीला वापरू नका असं नाही, पण त्याचा रंग ओलाव्यात सुटतो. फिकट लाकडाशेजारी जोडला तर सीलर मारताना पिवळा ओघळ पसरतो.

लाकूड विकत घेणार असाल तर पावती आणि वाहतूक परवाना जपा. साग, ऐन, बिजा, तिवस ही झाडं मालकीच्या शेतातली असली तरी तोडायला परवानगी लागते. घरच्या मयालीसुद्धा गावाबाहेरच्या आऱ्यावर न्यायच्या असतील तर आधी वनपालाला विचारून घ्या, रस्त्यात वाद नको.

कोरडवाहू
ऐन मिळेल. आता फ्रेटच्या खाचा. ०.६ मिमीचं बिट मागवलंय. तीन सेटअपमध्ये मापं सांभाळायची कशी?

तारसप्तक
सगळी मापं नटापासून (डोक्याकडे तारा टेकतात त्या पट्टीपासून) घ्या, फ्रेट ते फ्रेट नको. नाहीतर प्रत्येक वेळची चूक पुढच्यात मिसळत जाते. ६४७.७ मिमी स्केलला पहिला फ्रेट ३६.३५, पाचवा १६२.४७, सातवा २१५.४१, बारावा बरोबर निम्म्यावर ३२३.८५, बाविसावा ४६५.९५. मधले काढायला उरलेल्या तारेला दर वेळी १७.८१७ नं भागा.

चूक किती चालते? एक सेंट (दोन लगतच्या फ्रेटांतल्या सुराचा शंभरावा भाग) बेसूर होण्यासाठी पहिल्या फ्रेटपाशी ०.३५ मिमी चूक लागते, बाराव्यापाशी ०.१९, बाविसाव्यापाशी फक्त ०.१. म्हणून सेटअपचे जोड शक्यतो नटाकडच्या फ्रेटांकडे येऊ द्या. शेवटचा सेटअप अखंड १८० चा घ्या, सुरुवातीचे दोन छोटे.

लोक मशीनच्या स्टेप्सवरून (मिलिमीटरमागे मोटरची पावलं) उगाच घाबरतात. मशीन सगळीकडे सारखंच ०.२ टक्के कमी चालत असेल तर बाविसावा फ्रेट जवळपास एक मिलिमीटर अलीकडे येतो, पण त्यासोबत अख्खं स्केलच ६४६.४ होतं. ब्रिज तेवढा पुढे घेतला की गिटार सुरातच. त्रास असमान चुकीचा असतो : बॅकलॅश (दिशा बदलताना स्क्रूची ढिली चाल), सुटलेली स्टेप, सेटअपचा जोड. बॅकलॅशसाठी प्रत्येक खाचेकडे एकाच बाजूनं या. तरीही स्टेप्स तपासून घ्याच. १५० मिमी चालवा, मोजा, जुना आकडा गुणिले १५० भागिले मोजलेलं अंतर. तो जीआरबीएलच्या डॉलर १०१ या सेटिंगमध्ये भरा, कारण तुमची पट्टी वायवर चालणार आहे.

सेटअप जुळवायला पट्टीच्या दोन्ही टोकांना वाया जाणाऱ्या भागात पिना द्या. त्याशिवाय कडेच्या वाया जाणाऱ्या पट्टीवर जोडाजवळच्या फ्रेटची ०.१ खोल रेघ आधीच्या सेटअपमध्ये मारा आणि पुढच्या सेटअपमध्ये पुन्हा मारून बघा. दोन रेघा दिसल्या तर थांबा, पट्टी हलवा. एकच दिसली तरच खाचा सुरू करा.

पुलगाव जंक्शन
७७५ मोटरवर ०.६ चं बिट? त्या शाफ्टवरचा, बिट धरणारा ईआर ११ चा जोडदांडा ०.०५ ते ०.१ मिमी सहज डोलतो. बिट तरी मोडेल, नाहीतर खाच ०.७ होईल आणि फ्रेट हातानं निघून येईल. फ्रेटची खाचेत शिरणारी पट्टी साधारण अर्धा मिलिमीटर, काट्यांसकट त्याहून जाड, म्हणून खाच ०.६ च्या आतच हवी.

या मशीनवर खरं काम असं : ३० अंशाच्या व्ही-बिटानं ०.३ खोल रेघा मारा आणि उरलेलं फ्रेटच्या करवतीनं हातानं कापा. करवत त्या रेघेत आपोआप बसते. अचूकपणा मशीनचा, रुंदी करवतीची.

तारसप्तक
पुलगावकर बरोबर आहेत. ०.६ चं बिट चांगल्या स्पिंडलवर चालवायचं असेल तर १८-२० हजार फेरे, १५० मिमी प्रतिमिनिट, फेरीला ०.२ खोल, एकूण २.२ ते २.५. ऐनासारख्या लाकडात ०.२ च्या वर गेलात की मोडलंच.

चांगल्या स्पिंडलचा खरा फायदा मात्र वेगळा. खाच कडेपर्यंत न नेता दोन मिलिमीटर आधी थांबवता येते. फ्रेटच्या पट्टीची टोकं तेवढी कापून टाकायची, वरचा मुकुट ठेवायचा. मग उन्हाळ्यात लाकूड आकसलं तरी कडेला पट्टीचं टोक येत नाही, आणि मुकुटाचं टोक आधीच ०.३ मिमी आत घासलेलं असलं की काहीच लागत नाही. विदर्भात बंद खाच हा नखरा नाही. हातकरवतीनं ती निघत नाही, तेव्हा ३०१८ वाल्यांनी उघड्या खाचेत फ्रेट बसवून पट्टीच्या टोकांवर लाकडाचा भुसा आणि सुपरग्लू भरावा.

वऱ्हाडी ठोक्या
फ्रेट बसवायचं काम कोनत्याई महिन्यात करा, पन टोकं घासायचं काम मे महिन्यातच करा. लाकूड सगळ्यात बारीक तेव्हा असते. तेव्हा घासलेलं पावसाळ्यात आत जाते, त्याचा काही त्रास नाई. पोळ्याच्या सुमारास घासलं तर पुढच्या उन्हाळ्यात परत घासाच लागते.

अन् कूलरच्या समोर गिटार टांगू नका. दुपारी कूलर चालू असला का खोलीत पावसाळा, रात्री बंद केला का उन्हाळा. असं रोज झालं तर नेक पागल होते.

ऐनसाग
कूलरचं एकदम खरं. उन्हाळ्यात गिटार बंद पेटीत ठेवा, कूलर नसलेल्या खोलीत. पत्र्याखाली किंवा उभ्या गाडीत तर अजिबात नको, इपॉक्सी ६० अंशाच्या आसपास मऊ व्हायला लागतो आणि तारांचा एकूण ताण साधारण ४५ किलो असतो.

नेक आणि फ्रेटबोर्ड चिकटवायला दिवाळीनंतरचे दोन महिने उत्तम. लाकूड तेव्हा ९-१० टक्क्यांवर असतं, म्हणजे दोन्ही टोकांच्या मध्यावर. मीटर नसेल तर त्याच फळीचा तुकडा ग्रॅमच्या काट्यावर तोला, १०३ अंशाला वजन उतरायचं थांबेपर्यंत ओव्हनमध्ये ठेवा, पुन्हा तोला. घटलेलं वजन भागिले कोरडं वजन, गुणिले शंभर.

कोरडवाहू
चिकटवायला साधा पांढरा गोंद चालेल ना? सुतार तर सागवानाला तोच वापरतात.

ऐनसाग
बॉडीच्या दोन फळ्या जोडायला चालेल. सागात तेल असतं, म्हणून ताजा रंधा मारा, ॲसिटोननं पुसा आणि तासाभरात जोडा. फ्रेटबोर्डला मात्र इपॉक्सीच. पांढऱ्या गोंदातलं पाणी पातळ फ्रेटबोर्डच्या खालच्या अंगात शिरतं, ते अंग फुगतं आणि नेक मागे वाकून सुकते. शिवाय सततच्या ताणाखाली हा गोंद हळूहळू सरकतो.

पुलगाव जंक्शन
पाण्याचा मुद्दा मान्य. सरकण्याचा नाही. फ्रेटबोर्डच्या जोडाला क्षेत्रफळ भरपूर असतं, पिवळा लाकूडगोंद पातळ लावून रात्रभर सपाट दाबात ठेवला तर नेक वाकत नाही. इपॉक्सी लावलेला फ्रेटबोर्ड पुढे ट्रसरॉड (नेकच्या आतला, वाक सुधारणारा धातूचा दांडा) बदलायला काढायचा म्हटलं तर लाकूडच सोलून येतं. दोन्ही बाजू आहेत.

आता लाईन. स्पिंडल आणि कंट्रोलर वेगवेगळ्या सॉकेटवर ठेवू नका. कंट्रोलर यूपीएसवर आणि स्पिंडल थेट लाईनवर असेल तर लाईन गेल्यावर स्पिंडल थांबतो, स्टेपर (सरकवणाऱ्या मोटरी) मात्र चालत राहतात आणि थांबलेलं बिट लाकडात ढकलतात. दोन्ही एकाच ठिकाणी बंद व्हायला हवेत. मध्ये स्टार्ट-स्टॉप बटणाचा, लाईन गेली की सुटून जाणारा कॉन्टॅक्टर टाका, म्हणजे लाईन परत आल्यावर स्पिंडल आपोआप सुरू होणार नाही. बोटं शाबूत ठेवायची असतील तर हे आधी.

काम परत सुरू करायला होमिंग स्विच (मशीनला मूळ जागा सापडवणारे) हवेतच, सेटिंग डॉलर २२ बरोबर १. आणि कामाचं शून्य जी ५४ मध्ये साठवा, त्यासाठी हुकूम जी १० एल २० पी १. कॅन्डलच्या जुन्या आवृत्त्यांत शून्याचं बटण जी ९२ पाठवतं, ते लाईन गेली की पुसलं जातं. जी ५४ बोर्डाच्या स्मृतीत राहतं. लाईन आली की झेड हातानं वर, होमिंग, जी ५४ चं शून्य, मग जिथे थांबलं त्याच्या काही ओळी आधीपासून. स्पिंडल सुरू करणारी आणि फीडची ओळ वरून पुन्हा द्यायला विसरू नका, फाइलच्या मध्यात ती नसते.

मोठा व्हीएफडी (वेग बदलणारा ड्राइव्ह) स्पिंडल घेतलात तर अर्थिंग बघा. मे महिन्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि व्हीएफडीचा विद्युत गोंगाट (नॉइज) सरळ लिमिट स्विचच्या वायरीत शिरतो. मशीन काही कारण नसताना अलार्म देऊन थांबतं. खड्ड्यात पाणी टाका, स्विचला शील्डवाली वायर वापरा, शील्ड एकाच टोकाला जोडा आणि प्रत्येक लिमिट इनपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा.

तारसप्तक
नेकबद्दल राहिलंच. ३०१८ वर नेक नको, तयार आणा किंवा हातानं घडवा. मोठ्या मशीनवर करणाऱ्यांसाठी क्रम : आधी ट्रसरॉडची खाच (दुहेरी रॉड साधारण ६ रुंद, ९ खोल, पण हातातला मोजा), मग फ्रेटबोर्ड चिकटवा, मग मागची गोलाई. आधी गोलाई काढली तर फळी टेबलावर सपाट बसत नाही. पहिल्या फ्रेटपाशी एकूण जाडी २१ ठेवली, त्यात फ्रेटबोर्ड ६, खाच ९, तर मागे ६ मिमी लाकूड उरतं. त्याहून पातळ करायची हाव नको.

गोलाईला ६ मिमी बॉलनोज (गोल टोकाचं बिट), नेकच्या लांबीच्या दिशेनं, स्टेपओव्हर (दोन फेऱ्यांतलं अंतर) ०.५. मागे राहणाऱ्या कंगोऱ्याची उंची ०.०१ मिमी, १२० च्या कागदानं जाते. स्टेपओव्हर १ केला तर ती ०.०४ होते आणि वेळ निम्मा. सागवानात मी ०.५ च घेईन, कारण जास्त घासलं की मऊ रेषा आधी खाली बसतात आणि नेकला लाटा येतात.

घासताना मास्क हवाच. सागाची आणि शिसवाची धूळ अंगावर उठते, काहींना दमही लागतो.

कोरडवाहू
तयार नेक आणतो मग. खाचेत घट्ट बसावी म्हणून किती जागा सोडू? आणि ब्रिज कुठे?

ऐनसाग
नेकची टाच साधारण ५६ मिमी रुंद असते, पण आलेली नेक मोजूनच साचा काढा. दोन्ही बाजूंना ०.१ ते ०.१५ सोडा. मेलामाइन किंवा पीयू मारणार असाल तर त्याची जाडी त्यातच धरा, नाहीतर फिनिशनंतर नेक शिरताना कड फुटते. बिट ६ मिमीचं असेल तर आतल्या कोपऱ्यांत ३ मिमीची गोलाई राहते, टाचेचे कोपरे तेवढे गोल करा. खाचेची खोली १६ आणि तळ अगदी सपाट. ७५ मिमी लांबीच्या खाचेत कड ०.१ नं तिरपी गेली तर नटापाशी नेक ०.६ मिमी बाजूला जाते आणि तार कडेवरून उतरते.

ब्रिजसाठी नेक बसवूनच नटापासून मोजा, चित्रावरून नाही. बारीक ई तारेचं सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो सरकणारा तुकडा) पूर्ण पुढे घेतलेलं असताना ६४७.७ वर येऊ द्या. सुरात लावताना ते एक-दोन मिलिमीटर मागे जाईल, जाड ई चार-पाच. सॅडलला मागे तेवढा प्रवास आहे का ते भोकं पाडायच्या आधी बघा. आणि दोन्ही ई तारांच्या जागी आधी दोरा ताणा, दोन्ही कडांपासून सारखा जातो का बघूनच ड्रिल लावा.

वऱ्हाडी ठोक्या
लॅकर पावसाळ्यात मारू नका फक्त. हवेतलं पानी धरते अन् पांढरं धुकट येते. झडीचे दिवस जाऊ द्या, नवरात्रानंतर मारा.

कोरडवाहू
बरं. आधी चुंबक, मग आरा. मयाली चिरल्या की रेघांचे फोटो टाकतो, नेकच्या कामाच्या फळ्या कोणत्या ते सांगा.

वऱ्हाडी ठोक्या
टोकाकडून काढजा फोटो. अंगावरून काही समजत नाई.